विळा न लागलेलं कोहळं

४ ऑक्टोबर
आज आमच्या गाडीनं दोन बोअर मारले. दुसरा कोरडा. कर्नाटकातली लाल माती, कानातून निघत नाई.
आईचा फोन. निघायच्या आधी उकिरड्यावर कोहळ्याची बी लावून आलो होतो, त्याचा वेल गोठ्याच्या छपरापर्यंत गेला म्हणते. सात फळं धरली. मी म्हटलं एकच ठेव, बाकीची काढ, तवाच ते शेतीच्या प्रदर्शनाजोगं होईल. तिचं मन होत नाई. अन् बाईनं कोहळ्याले विळा लावू नये. बाबा होते तवा तेच कापत.

६ ऑक्टोबर
सहा फळं काढली. विळा नाई लावला, नखानं खुडली. आई हुशार हाये.

२० ऑक्टोबर
फोटो आला. खाली धानाचं तणस, वरून जुनं लुगडं. बाजूले पाण्याचा गुंड ठेवला, अंदाज यावा म्हणून. गुंडच लहान दिसते.
गाडीवरचा बिष्णू, ओडिशाचा, म्हणे, "लोग लडकी का फोटो देखते हैं, तू कद्दू का."

२ नोव्हेंबर
आई आठ दिवसाले सुतळीनं घेर मापते, गाठ मारते. एकटीचा हात पुरत नाई, दुसरं टोक शेजारच्या पांडुरंगभाऊची बायको धरते. लोक पाहायले येऊन राह्यले. आई कोणाले बोट दाखवू देत नाई, फळ सडते म्हणून.
आम्ही नव्या गावी. नाव विचारलं नाई.

१५ नोव्हेंबर
प्रदर्शन २८ ले, सिंदेवाहीत. मालकाले सुट्टी मागितली. गेला तर परत येऊ नको म्हणे.
सुरत अर्ध्यात सोडलं, हैदराबादबी. ह्या वक्ती वर्ष काढतो म्हणून आईले शब्द देऊन आलो. थांबलो.

२७ नोव्हेंबर
पांडुरंगभाऊले फोन केला. देठ तुम्हीच कापा, चार माणसं लावून गाडीत टाका. ते विळा घेऊन गेले. आईनं चहा पाजला अन् वापस पाठवलं.
मी चिडलो. काऊन असं केलं विचारलं. ती म्हणे, "घरात माणूस नसला तर दुसऱ्याचा हात लागते. माह्या घरी माणूस हाये. बाहीर गेला हाये."
फोन ठेवला. कोणी ठेवला आठवत नाई.

२९ नोव्हेंबर
पहिला नंबर आरमोरीकडच्या कोहळ्याले. पांडुरंगभाऊ आईची सुतळी खिशात घेऊन गेले होते, गुपचूप त्याचं माप घेतलं. आपली गाठ चार बोटं पुढं.
आईनं एकदाच सांगितलं. मीच परत दोनदा विचारलं.

५ डिसेंबर
वेल वाळला, देठ अजून घट्ट. माकडं येतात म्हणून भोवती काट्या लावल्या.
पांडुरंगभाऊच्या पोरीचं लग्न १८ ले. पंगतीत कोहळ्याची भाजी लागतेच. त्यायनं मागितलं नाई. आईनंच देतो म्हणून सांगून टाकलं. सारं गाव जेवून उरल एवढं हाये. पण कापल कोण, ते ती सांगत नाई.

९ डिसेंबर
चारशे फुटावर पाणी लागलं. शेतवाल्यानं नारळ फोडला. मालक खुशीत होता. बिष्णू म्हणे, सुट्टीचं आजच विचारायचं होतं.
आईले फोन केला. विळ्याले धार लावून ठेवजो म्हटलं.
बरं म्हणे. कधी येतो, ते विचारलं नाई. मीबी सांगितलं नाई.