ऊबदार आवाज

२ फेब्रुवारी

आलो एकदाचा! नोकरी नवी, गाव नवं आणि खोली चक्क स्वच्छ. घरमालकीणबाईंनी फरशी पुसून ठेवली होती, तरी मी पुन्हा एकदा पुसली. ताई म्हणते, तुझं लग्न फिनेलच्या बाटलीशीच लावून द्यायला हवं. म्हणू दे. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात काय काय पोहतंय ते दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या माणसाला घाण जरा जास्तच दिसते, त्याला मी काय करू?

टेबलावर रेकॉर्ड प्लेअर मांडला, दोन्ही बाजूंना स्पीकर. मधली जागा रिकामी आहे, कारण जुना अँप्लिफायर सामान उतरवताना पडला आणि कायमचा मुका झाला. आता दुसरा घ्यायचा, माझ्या खिशाला झेपेल असा, आणि तोही आई इथे राहायला यायच्या आत.

आईची तबकडी मात्र सुखरूप पोचली. लग्नाआधी ती एक प्रदर्शन बघायला गेली होती. तिथे एक यंत्र होतं. आत उभं राहून गायचं, की आपल्याच आवाजाची छोटी तबकडी हातात! आईने स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं आणि शेवटी खुदकन हसली. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली आणि तिचं स्वरयंत्रच काढावं लागलं. आता ती पाटीवर लिहून बोलते. लहानपणी ती मला म्हणायची, "कान इकडे कर, गंमत सांगते." मी कान केला की गंमत वगैरे काही नाही, नुसती एक फुंकर. ते आता होणे नाही. तिचा आवाज जगात उरलाय तो एवढ्या एका तबकडीत, आणि तो तिला नीट ऐकवायचं मी कबूल केलंय.

५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याच्या घरी म्हणे बायकोच्या साड्यांपेक्षा रेकॉर्डी जास्त आहेत. अँप्लिफायर हा शब्द मी उच्चारायची खोटी, की त्याने खुर्चीच सरकवली.

त्याचं सगळं ऐकून मला कळलं ते असं. वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलायचं नाही. एवढ्याशा खोलीत लग्नाची वरात काढायची नाहीये. काडेपेटीएवढे नवे डबे स्वस्त दिसतात, पण प्लेअरमधून आवाज फार क्षीण येतो, आणि तो वाढवणारी फोनोची सोय त्यांच्यात नसते. म्हणजे आणखी एक डबा घ्या, मग स्वस्त कसलं? दुकानातले निळ्या दिव्यांचे दिसायला राजबिंडे, आवाज मात्र इस्त्री केल्यासारखा कोरडा. तेव्हा जुना, वापरलेला घे. जुन्याच्या आवाजाला ऊब असते. हा ऊब शब्द त्याने इतक्यांदा वापरला की मला अंगावर रजई घेतल्यासारखं वाटायला लागलं.

८ फेब्रुवारी

मिळाला! बाजारामागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मालक म्हातारा, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबलेले, त्यामुळे घसा फोडून बोलावं लागलं. लाकडी खोक्याचा, जाड बटणांचा, फोनोवाला अँप त्याने मागच्या खोलीतून फडक्यात धरून आणला. नुसत्या हाताने शिवला नाही. मी मनात म्हटलं, वा, आपल्यासारखाच सोवळा दिसतोय.

याच्या आवाजाला ऊब आहे ना, असं मी विचारलं. तो विचित्र हसला. ऊब आहेच, म्हणाला, म्हणून तर सतत चालू ठेवायचा नाही, उबतं. आधीच्या गिऱ्हाइकाने ऐकलं नाही म्हणे. त्याला तापतं म्हणायचं असणार, म्हाताऱ्यांचे शब्द! किंमत मी न मागताच आणखी उतरवली. वर पिशवी फुकट.

९ फेब्रुवारी

काय सांगू! आईच आली खोलीत. एरवी त्या तबकडीत खरखरच जास्त, पण आज तिचा प्रत्येक शब्द लोण्यासारखा. शेवटचं हसू तर असं, की मी मान वळवून बघितलं. रडलो. कुणी बघायला नव्हतं, म्हणून भरपूर रडलो.

भोंगा म्हणतो, जुन्या अँपला तापू द्यायला वेळ लागतो, दिवसभर चालूच ठेव, आवाज आणखी खुलेल. म्हाताऱ्यापेक्षा भोंग्याला जास्त कळत असणार.

११ फेब्रुवारी

आवाज खुललाय. जरा जास्तच. दोन ओळींच्या मध्ये आई आवंढा गिळते तो ऐकू येतो. जीभ टाळ्यापासून सुटल्याचा चिकट आवाज येतो. आपल्या आईचा असला, तरी असा आवाज कानाशी नको वाटतो.

शिवाय वास. न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा उबट. शोधत शोधत अँपशी पोचलो. झाकणाला हात लावला तर ओलसर, घाम आल्यासारखं. पुसलं. फडक्यावर पिवळट तार आली. प्लेअरच्या सुईच्या टोकालाही तसलाच मेणचट गोळा. तीनदा साबण लावला, तरी बोटांचा वास जात नाहीये. शी!

१२ फेब्रुवारी

सुईवरचा गोळा काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत नेला. माणसाच्या कानातला मळ. एकाचा नव्हे. तांबूस, काळपट, पिवळा, थरावर थर, मध्ये बारीक केस आणि कातडीचे पापुद्रे. त्या थरांत पांढरट, लांबट दाणे, ओळीने चिकटवलेले. भोंग्याला दाखवलं. तो डबा खात होता. झाकण लावून उठून गेला.

दाणे नव्हेत. अंडी ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

उबतं. म्हातारा बरोबर शब्द बोलला होता. मीच शहाणा.

तसाच उठून दुकानात गेलो. विचारलं, ओरडलो. त्याने कानांवर हात ठेवले. खरोखरचे, दोन्ही, कापसावरून घट्ट.

१३ फेब्रुवारी

अँप फेकून द्यायला उचलला. त्याआधी तबकडी काढून घेतली, आणि बघतो तर तिच्यावर एक रेघ नाही. चाटूनपुसून गुळगुळीत. माझा चेहरा दिसतोय तिच्यात.

आणि गाणं चालूच होतं. प्लेअर रिकामा, सुई बाजूला, आणि आई गातेय.

आता तिचा आवाज या खोक्यातच आहे. फेकला तर तो गेला. बंद केला तर— माहीत नाही. आई निघालीय. ताईने कळवलंय, पाटीवर सारखं एकच लिहिते: माझं गाणं, माझं गाणं.

ठेवला परत टेबलावर. ओकून आलो. पुन्हा हात धुतले.

१४ फेब्रुवारी

गाणं संपलं, हसू झालं, आणि मग जे तबकडीत कधीच नव्हतं ते म्हणाली.

कान इकडे कर, गंमत सांगते.

गेलो नाही. पुन्हा म्हणाली. तशीच, लाडात.

मी केला कान. खोक्याच्या जाळीला टेकवला. फुंकर आली. गरम, ओली— आणि फुंकरीमागून काहीतरी घरंगळत—

कानाला खडा म्हणतात तो असा नसतो. हा हलतो.

१५ फेब्रुवारी

अँप गार. झाकण उघडलं. आत नुसती टरफलं आणि चिकटा. फेकला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मळ आहे, सगळ्यांच्याच असतो. थेंब दिले.

दुसऱ्या कानातूनही तार येतेय. पिवळी. उशीवर डाग. अंगाची किळस येते, पण ते धुवायचं कुठवर— घशाशी मेण. गिळलं की पुन्हा वर येतं. हाक मारून बघितली. माझा आवाजच निघाला नाही. आत ती गातेय.

१६ फेब्रुवारी

आई आली. ताई खालूनच सोडून गेली. दार उघडलं. बोलता येईना. आईला वाटलं थट्टा करतोय, तिच्यासारखं मुकं होऊन. हसली, आवाजाविना.

मग तिला ऐकू आलं. तिचं गाणं. माझ्या कानातून.

डोळे भरून आलेत तिचे. पाटी खाली ठेवली, जवळ येतेय. मी ढकलतोय, तिला वाटतं लाजतोय. म्हणून हे लिहून धरतोय तिच्यासमोर—

आई, लांब हो.

आई, हे वाच. तो तुझा आवाज नाही, त्याने तो खाल्लाय, तो उबवून—

आतून म्हणतंय ते. कान इकडे कर, गंमत सांगते. मी नाही म्हणत आई, मी नाही—

चष्मा काढू नको. माझ्या गालाला टोचेल म्हणून काढतेयस ना, नको, टोचू दे, घाल तो, त्याशिवाय तुला वाचता येत नाही, वाच, आई कान नको, कान न