काट्यावरचं मीठ

अष्टमी. मंगळवार, संध्याकाळ.

आज एकवीस दिवस झाले, दोन्ही नारिंगी माशांच्या अंगावर एकही पांढरा ठिपका नाही. मी जिंकले! आता हे कुणाला सांगू, म्हणून इथंच लिहितेय.

समुद्री माशांची टाकी ह्यांची. ठिपक्यांच्या रोगावर पाण्यातलं मीठ निम्म्यावर आणायचं, म्हणजे किडा मरतो, हेही ह्यांनीच वाचून काढलेलं. तसं केलं. पण ठिपके दोनदा गेले आणि दोनदा परत आले. मासे दगडाला अंग घासायचे, बघवत नव्हतं. शेवटी मी बोट बुडवून चाखलं.

"अहो, पाणी अजून खारट हाय."

ह्यांनी खारटपणा मोजायच्या डबीतला प्लॅस्टिकचा काटा दाखवला. "हा खोटं बोलतो व्हय? कंपनीत रोज मोजमापच करतो मी."

मी पेणच्या मिठागरावर वाढलेली. माझी जीभ खोटी आणि हा काटा खरा? उजेडात धरला, तर त्याच्यावर मिठाचा थर! जड झालेला काटा खालीच बसणार, मीठ कमीच दाखवणार. कोमट पाण्यानं धुतला, पुन्हा बुडवला, तर टुणकन वर. ह्यांचा चेहरा! मग रोज थोडं थोडं खारं पाणी काढून गोडं ओतत गेलो.

आज मोजायच्या आधी हे चमचाभर टाकीतलं पाणी घेऊन स्वयंपाकघरात आले. एवढंच म्हणाले, "बघ गो."

मी चाखलं. "बरोबर हाय. आता काटा बघा."