आमची शेड म्हणजे बांधकाम नव्हे

४ जून, सकाळ
नगरपालिकेला कामधंदा नाही. नोटीस चिकटवली ती थेट माझ्या शेडच्या पत्र्यावर, खळ लावून. घासून घासून खांदा गेला. शेड म्हणे अनधिकृत. घर आणि कुंपण यांच्या मधे जागा मोकळी सोडायची असते, तिला सामासिक अंतर म्हणतात. मी जन्मभर बोळ म्हणत आले.
शेड आमच्या ह्यांनी स्वतः उभी केली. आत शिलाई मशीन, रेडिओ आणि मी. सून म्हणते, आई, हॉलमध्ये बसा ना. हॉलमध्ये टीव्ही आहे, सोफा आहे आणि सून आहे. मी शेडमधून हलणार नाही.

५ जून
सुनेकडून नियम वाचून घेतले. पहिल्याच पानावर व्याख्या. म्हणजे कशाला काय म्हणायचं ते. यात माझा हात कोण धरणार? शेजारणीला दुर्बीण नाव मीच ठेवलं, पोटच्या मुलाला होयबा.
बांधकाम म्हणजे जमिनीला पक्कं जोडलेलं. इथेच सापडले! सून म्हणाली, मागच्या पानावर अजून आहे. म्हटलं, पुरे. मला कळायचं ते कळलं.

८ जून
वेल्डर आला. शेडचे पाय कापून चाकं लावली. म्हणाला, आजी, असलं काम कधी केलं नाही. म्हटलं, मग आज शिक.

८ जून, दुपार
वारा सुटला. शेड दुर्बिणीच्या कुंपणापर्यंत गेली. मी आतच होते. चाकांना विटा लावल्या. विटा म्हणजे पाया नव्हे.

१२ जून
तपासनीस आला. वाकून चाकं बघितली. मान्य केलं की बांधकाम नाही! पण छप्पर आणि तीन भिंती असल्या की ती खोली. चाकं असली तरी.
मग विचारलं, शेड किती जुनी? म्हटलं, जुनी कसली, परवाच तयार झाली, वेल्डरला विचारा. जुनं म्हटलं की लोक पाडायला बघतात. त्याने लिहून घेतलं. बोलायला अक्कल लागते.

१३ जून
भिंती काढल्या, पत्रे भंगारात. आता मी ब्लाउज कापताना दुर्बिणीला सरळ दिसते. बिचारीला आधी पाटावर चढावं लागायचं.

१६ जून
तपासनीस पुन्हा. बाहेरच्या बायका कपडे आणतात, म्हणजे व्यवसाय. कुटुंबाचे कपडे शिवले तर चालतं. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एवढंच ना? सगळ्या गिऱ्हाइकांना परवा जेवायला सांगितलं. सुनेला आयत्या वेळी सांगेन, उगाच टेन्शन घेते.

१८ जून
कुटुंब जेवलं. सून भांडी आपटत होती. स्टीलची आहेत, आवाज जास्त येतो. ऐन पंगतीत तपासनीस. माणसं मोजली आणि म्हणाला, एका घरात इतकी माणसं म्हणजे व्याख्येप्रमाणे वसतिगृह. त्याला वेगळा परवाना, वर गाड्या लावायला जागा. एवढं ऐकूनही एका गिऱ्हाइकाने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

१९ जून
ठरलं. छप्परही काढायचं. छप्पर नाही तर शेड नाही, शेड नाही तर गुन्हा कसला? मग बघते काय पाडतात. मुलगा म्हणाला, आई, मग राहिलं काय? त्याला डावपेच कळत नाहीत. बापावर गेलाय.

२० जून
जिंकले! मशीनला छत्री बांधून बसले होते. तपासनिसाने चारी बाजूंनी बघितलं, प्रकरण निकाली असं लिहून सही केली. दुर्बिणीला ऐकू जाईल असं सगळं मोठ्याने वाचून घेतलं.

२० जून, दुपार
छत्री उडाली. मशीनला हात लावला तर चटका.

२१ जून
दुर्बीण आली, माझी छत्री परत द्यायला. तिच्या सायकलच्या शेडलाही नोटीस आली होती म्हणे. तिने मागचं पान वाचलं. नियम यायच्या आधीपासून उभी असलेली शेड तशीच ठेवता येते. जुनी आहे एवढं लिहून द्यायचं. पण मालकाने स्वतः मोडली किंवा बदलली की हक्क गेला.
दोन्ही शेड आमच्या ह्यांनी आणि तिच्या ह्यांनी एकाच आठवड्यात बांधल्या होत्या. तिची उभी आहे.
म्हणाली, काकू, मला वाटलं तुम्हाला माहीत असणार, तुम्हाला सगळं आधी कळतं. चहा न विचारता घालवली.

२१ जून, संध्याकाळ
मशीन हॉलमध्ये. टीव्ही आणि सोफा यांच्या मधे. सुनेने सोफ्यापासून हातभर अंतर सोडायला सांगितलंय आणि सुई सांडायची नाही. हे सगळं तात्पुरतं आहे.
समोर भिंतीवर आमच्या ह्यांचा फोटो. सारखे इकडेच बघतायत. शेड कुठे गेली म्हणून विचारलं, तर उत्तर सुनेने द्यायचं. मागचं पान आहे हे तिला माहीत होतं.