मच्छरदाणीच्या पिशव्यांतला पेंढा

प्रिय आई,

आज दुपारी अभनपूरच्या शेतातून तू ठेवलेल्या शेवटच्या दोन पिशव्या काढून आणल्या. दादा सोबत होता. पिशव्यांत काय निघालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून चौबे कॉलनीतल्या घरी येताच लिहायला बसले.

नर्सची नोकरी संपवून तू ते शेत घेतलंस आणि जाहीर केलंस की नांगर घालायचा नाही. धान कापल्यावर उरलेला पैरा, म्हणजे पेंढा, तिथेच पसरायचा. शेजारचे फिरतू भैया म्हणाले, "दीदी, पैरा ला जला दे, खेत साफ हो जाही." तू म्हणालीस, "जाळलं तर मातीनं खायचं काय?"

मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मलाच जास्त कळतं असं वाटायचं. पुढच्या पावसाळ्यात धान पिवळं पडलं तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, "पेंढा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. नर्स होती तू, शेतीत काहून पडली?" ते बोलणं मला अजून टोचतं. तू चिडली नाहीस. एवढंच विचारलंस, "मंग ते नत्र त्याले कशातून देऊ?"

"शेणातून," मी म्हटलं.

कापणी झाल्यावर दादानं नांगरायला ट्रॅक्टर आणला. तू बांधावर वाट अडवून उभी राहिलीस. "वापस ने तो. मले अजून एक साल दे." ट्रॅक्टर परत गेला.

मग तू पेंढ्यावर शेणखत पसरलंस. जुनी मच्छरदाणी कापून पिशव्या शिवल्यास, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सगळ्यांत सारखा पेंढा भरलास. निम्म्यांत शेण, निम्म्यांत नाही. त्या न नांगरलेल्या मातीवर ठेवून दिल्यास. दोन-दोन महिन्यांनी एक जोडी काढायची, वाळवायची, तोलायची.

एक दिवस म्हणालीस, "बाहेरचा पेंढा लवकर कुजून राहिला, पिशवीतला नाही. गांडुळाले आत जायले जागाच नाही ना." आणि कात्रीनं भोकं पाडलीस. माझ्या पदवीला ती चूक दिसली नव्हती, आई. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत फिरले. तुला मात्र काही बोलले नाही. काहून नाही बोलले?

छातीत दुखत होतं ते तू शेवटपर्यंत लपवलंस, ते मी अजून माफ केलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची नाडी धरलीस, स्वतःची का नाही पाहिलीस?

आता ऐक. शेण नसलेल्या पिशवीतला पेंढा अजून पेंढाच आहे, काड्या ओळखू येतात. शेण घातलेल्या पिशवीत दोन-चार काड्या आणि मूठभर काळा, भुसभुशीत चुरा. शेणाचा वाससुद्धा नाही. पिशवीखालच्या मातीत दादानं बोट घातलं, ते सहज आत गेलं. मग म्हणाला, "आईचं बरोबर होतं."

यंदा धान पिवळं पडलं नाही. फिरतू भैयांनीही पैरा जाळला नाही. येत्या रविवारी त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया शेत पाहायला येणार आहेत. पहिल्या वर्षी आपलं धान पिवळं पडलं होतं, हेही मी त्यांना खरंखरं सांगेन, म्हणजे तसं झालं तर त्या घाबरून नांगराकडे वळणार नाहीत. आणि कोणी विचारलं, दीदी, हे कुठे शिकलीस, तर प्रयोगशाळेचं नाव घेणार नाही. तुझं घेईन. हा माझा शब्द.

तुझी पोट्टी,
सुनंदा