माझा प्रभाव, शंभरपैकी

२ नोव्हेंबर
शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. टायपिंग हळू आहे, एकच बोट चालतं. शाळा आठवीत सोडली, जोडाक्षरं अर्धीच शिकून झाली. पण मी माफी कोणाची मागतोय? वाचणारा मीच. केलं माफ. पुढे.

मावशीचं बॅगा आणि चेन दुरुस्तीचं दुकान. मी पडद्यामागे बसून चेनचे रनर बदलतो, पट्टे शिवतो. पुढे बसून बोलायचं काम मावशीचं. आज म्हणाली, महिन्याभरात गिऱ्हाइकाशी बोलायला लाग, नाहीतर परत शाळेत घालते. बारक्याच्या वर्गात!! बारक्या म्हणजे तिचा मुलगा. अजून शर्टाला नाक पुसतो.

बोलायचं कशाला? आपण ऑनलाइन प्रभाव पाडणार. गिऱ्हाईक आपोआप येईल.

संध्याकाळी
प्रभाव मोजायचं ॲप मिळालं. शंभरपैकी मार्क देतं. अकाउंट काढलं. शाळेतली पोरं हसतील म्हणून आधी त्याला कुलूप लावलं. मग व्हिडिओ टाकला. फक्त माझा हात आणि एक चेन. तोंड दाखवायची गरज नाही, हातातच दम आहे.

४ नोव्हेंबर
प्रभाव शून्य. ॲप भिकार.

७ नोव्हेंबर
आणखी व्हिडिओ टाकले. प्रभाव शून्य. लोक जळतात. वर कोण कुठले अनोळखी लोक विचारतायत, फॉलो करू का. ओळख ना पाळख! सगळ्यांना नाही म्हटलं. मावशीच सांगते, ओळख पटल्याशिवाय दार उघडू नकोस.

मग बघत का नाही कोणी? डोळे फुटले का?

१३ नोव्हेंबर
दुकानात पाय ठेवायला जागा नाही! बॅगांचा ढीग. झाला ना प्रभाव? मावशीला म्हणणार होतो. मनात म्हणालो.
बारक्या म्हणे, शाळेची सहल आहे म्हणून सगळ्यांच्या बॅगा आल्यात. गाढवाला गुळाची चव काय. त्याची बॅग सगळ्यात शेवटी करणार.

१९ नोव्हेंबर
बारक्याने माझा फोन ओढून घेतला आणि हसत लोळला. म्हणे, दादा, कुलूप लावून दुकान उघडलंस होय? तुझं तूच बघतोयस.
मला माहीत होतं. मी टेस्टिंग करत होतो.
त्याने कुलूप काढलं. याची बॅग करणारच नाही आता.

२१ नोव्हेंबर
प्रभाव एकतीस!!! काल ज्यांनी हिणवलं त्यांना आज कळेल.

नंतर
कमेंट वाचल्या. माझ्या हाताबद्दल एकही नाही. व्हिडिओत मागून मावशीचा आवाज येतोय. कोणाला तरी झापतेय, बाई, बॅग आहे का धान्याचं पोतं, कोंबताना जरा लाज बाळगा. सगळे विचारतायत, ही मावशी कोण, दुकान कुठे. एकाने लिहिलंय, मध्ये तो हात येतोय तो काढा.
तो हात!

मावशीला सांगितलं नाही. कशाला चढवायची?

२९ नोव्हेंबर
मावशी दोरा आणायला गेली. तेवढ्यात एक बाई आल्या, हातात तुटकी बॅग. व्हिडिओ बघून, दुकान विचारत विचारत लांबून आल्या म्हणे. माझा व्हिडिओ! पडद्याबाहेर आलो. बोलायचं सगळं पाठ होतं. तोंड उघडलं. हवा आली फक्त. मग फोन काढून व्हिडिओ लावला आणि त्यात माझ्या हाताकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, हो रे, पण बोलणाऱ्या मावशी कुठे आहेत? मग माझ्याकडे बघून मोठ्याने आणि सावकाश विचारलं, बाळ, ऐकू येतं का तुला?

मी मान हलवली. कोणत्या दिशेला ते आता आठवत नाही.

मावशी दारातच उभी होती. ओरडली नाही. तिथेच कळलं.

३० नोव्हेंबर
उद्यापासून आठवी. बारक्या म्हणे, माझ्या बाकावर जागा धरलीय. ॲप काढून टाकलं. त्याची बॅग शिवून दिली, दुहेरी टाके घालून. रागानेच शिवली.

गल्लीतल्या भंगारवाल्याच्या गाढवीला शिंगरू झालंय. धड उभंही राहत नाही, आणि अख्खी गल्ली फोन काढून त्याचा व्हिडिओ घेतेय.