जिवंत असल्याची सही

गडमुडशिंगी,
२२ नोव्हेंबर २००५

प्रिय सोमेश,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. तुझ्या अव्वाचा गुडघा थंडीनं धरलाय, पण चालणं कमी झालं तरी तिचं बोलणं थांबलेलं नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. म्हैस आटली. सूनबाईला, दानेश्वरीला सांग, तिनं लावलेल्या पेरूला पालवी फुटलीय. शेळीच्या भीतीनं मी त्याला काट्यांचं कुंपण केलंय आणि तरीही उठून उठून बघून येतो. फोन असताना आप्पा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू भाषण सुरू करतोस आणि मी खोकायला लागतो. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं आहे. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझा बाप जन्माचा भित्रा, हे तुला नवीन नाही. कडी लावून अंथरुणावर पडलो की कडी लागली का ते बघायला परत उठणारा माणूस. सरकारी रस्त्याच्या गँगवर सगळे मला हसायचे. पण डांबराचं काम निघालं की पुढच्या वळणावर लाल निशाण घेऊन उभं राहायला मुकादम मलाच पाठवायचा. म्हणायचा, "सिद्धाप्पाला द्या निशाण. त्याला गाडी यायच्या आधीच दिसत्या." खरंच दिसायची. नेसरीच्या रस्त्यावर, गडहिंग्लजच्या रस्त्यावर उन्हात उभा राहून मी नोकरी काढली. माझ्या निशाणाच्या पलीकडं कधी कुणी दगावलं नाही. सांगायचं कारण, भीती वाटली की मी पळत नाही, उभा राहतो. ते माझं कामच होतं.

दिवाळी झाली आणि पोटनिवडणुकीला उभ्या असलेल्या तुमच्या साहेबांची जीप गावात फिरायला लागली. भोंग्यावरून सांगत होते की सरकारनं पेन्शनचा नवा कायदा केलाय. या नोव्हेंबरात जो पेन्शनर बँकेत हयातीची सही करेल तो नव्या योजनेत गेला. त्याची जुनी पेन्शन बंद, पैसा शेअर बाजारात. तेव्हा कुणी सही करू नका, साहेबांना निवडून द्या, साहेब मुंबईला जाऊन कायदा मागं घ्यायला लावतील. मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. हातातली शेंग हातातच राहिली.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांचा सण, तू लहानपणापासून बघत आलायस. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. रोलरवरचा बादशहा इस्त्रीचा शर्ट घालून, कानात अत्तराचा फाया खोचून येतो. बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत अशी सही करायची, बाहेर येऊन एकमेकांना विचारायचं, "झालास का जिवंत?" आणि मग मिसळ. कोण आलं नाही ते त्याच दिवशी कळतं, आणि मग मिसळ जरा गप्पपणे खातो. आमच्या गँगमधला गणपतराव वारल्यापासून त्याची बायको, तुझी चिमणाकाकूही येते. नवऱ्यामागं पेन्शन घेणाऱ्या बायकांना अजून एक लिहून द्यावं लागतं, पुन्हा लग्न केलेलं नाही म्हणून. दर वर्षी बँकेतला माणूस मान खाली घालून विचारतो आणि काकू सगळ्यांदेखत म्हणते, "न्हाय बा. तूच बघ की एखादा, कमावता असंल तर." यंदा बँकेकडं कुणी फिरकलं नाही. काकूही नाही.

माझी झोप गेली. खोटं वाटलं म्हणून नव्हे, खरं वाटलं म्हणून. मी बँकेत गेलो. तिथला पोरगा म्हणाला, आजोबा, बिनधास्त सही करा. तो इतका बिनधास्त म्हणाला की मला वाटलं हाही त्यांच्यातलाच. पेन परत ठेवून आलो. मग एसटीनं कोल्हापूरला ट्रेझरीत गेलो. तिथं एक ठेंगण्या बाई होत्या, चष्मा केसांत अडकवलेला. त्यांनी सरकारचा कागद काढून वाचून दाखवला. मला काही समजेना. पुन्हा वाचा म्हटलं. तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही ह्या महिन्यात नोकरीला लागलाय काय?" न्हाय म्हटलं. "मग का जिवाला घोर लावून घेताय? एक नोव्हेंबरपासनं जे नवीन नोकरीला लागतील त्यांच्यासाठी हाय हे. ज्यांची पेन्शन चालू हाय, तिला कुणी हात लावलेला न्हाय." मी विचारलं, सही? "सही म्हणजे तुम्ही हाय. एवढंच." आणि न्हाय केली तर? "तर पुढच्या महिन्यापासनं थांबणार. तुम्ही हाय का गेलाय, सरकारला कळणार कसं?" मी निघालो, फाटकापर्यंत गेलो आणि कडी बघायला यावं तसा परत आलो. बाईंनी मला बघितलं आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "सही केली की न्हाय थांबत पेन्शन. जावा, सही करा."

एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोमेश, हे खोटं साधं नाही. साधं खोटं उघडं पडतं. हे स्वतःच्या पायानं चालत जाऊन खरं होणार आहे. महिनाअखेरपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर सगळ्यांची पेन्शन थांबणार, आणि मग तुमचे साहेब त्याच जीपमध्ये उभे राहून म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो? तीही मतं त्यांनाच. आणि आम्ही जिवंत माणसं आमच्याच हातानं मेलेल्यांत जाऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी मी दारात होतो. सही केली. त्या पोराला म्हटलं, मोठ्यानं सांग, सिद्धाप्पा जिवंत हाय. तो हसला पण ओरडला. तिथून थेट पारावर गेलो आणि ट्रेझरीतलं सगळं सांगितलं. कुणी ऐकेना. म्हणाले, तू केलीस न्हवं, आता डिसेंबरात तुझी येत्या का बघू, मग आम्ही करू. अरे, डिसेंबर बघत बसलात तर नोव्हेंबर जाईल की, असं मी ओरडलो, आणि मला खोकला आला. बादशहा मला पाणी देत म्हणाला, "सिद्धाप्पा, राग मानू नगंस. भोंग्यावर तुझाच पोरगा सांगतोय आणि तू त्याच्या उलटं सांगतोयस. तो बी.ए. झालाय. तू चौथी. आता तूच सांग, कुणाचं खरं धरायचं?"

होय. आवाज ओळखायला मला पारावर जायची गरज नव्हती. ओट्यावर शेंग हातात राहिली ती कायदा ऐकून नव्हे. आत चुलीपुढं अव्वाचा हात थांबला, तोही त्यामुळं नव्हे. गँगच्या जेवणाच्या सुट्टीत तू दगडावर उभा राहून आम्हाला पेपर वाचून दाखवायचास, तोच आवाज, आता जीपमधल्या टेपवर भरलेला. गणपतराव तुला गूळ-शेंगा द्यायचा आणि म्हणायचा, ह्या पोराचा आवाज लांब जाणार.

चिमणाकाकूकडं मी मुद्दाम गेलो. म्हटलं, चल, मी नेतो तुला बँकेत. तिचं सगळं घर त्या पेन्शनवर आहे, रोजची गोळी त्यावर आहे, दुसरं कोण नाही तिला. ती मला काय म्हणाली ऐक. "दाजी, आमचं माणूस गेलं तवा मी पेन्शन नगं म्हणत हुतो. सरकारचं मिंधं कशाला व्हायचं? सोमेशनं मला समोर बसवून समजावलं. म्हणाला, काकू, ही भीक न्हाय, काकांच्या घामाचं हाय. माझा अंगठा त्यानंच धरून उठवला. त्यो मला खोटं कशाला सांगंल?" उठून आलो. वाटेत मला तुझा राग आला नाही, हे खरं वाटेल का तुला? तिचा आला. इतका विश्वास ठेवतात का कुणावर!

मागच्या फोनवर तू म्हणालास, आप्पा, राजकारणात थोडं वाढवून बोलावं लागतं, नव्या पोरांची पेन्शन गेलीय हे तर खरं आहे ना. आहे खरं. त्यावर बोल की. उद्या जी पोरं निशाण घेऊन उन्हात उभी राहतील त्यांना म्हातारपणी आमच्यासारखी पेन्शन नाही, यावर भोंगा फुटेस्तोवर ओरड. मी खोकत खोकत टाळ्या वाजवीन. पण ते सांगायला तुमच्या साहेबांना वेळ नाही, कारण त्या पोरांना अजून भीती वाटत नाही. भीती आम्हाला वाटते. साहेबांनी आमची भीती हेरली. आणि ती आमच्यापर्यंत पोचवायला आमच्याच घरातला आवाज घेतला. तुला त्यात काय मिळणार, तिकीट की नोकरी, मला माहीत नाही. विचारतही नाही.

आता पत्राचं कारण. रविवारी संध्याकाळी बाजाराच्या मैदानात तुमची सभा आहे आणि साहेबांच्या आधी तू बोलणार आहेस. गावातले सगळे पेन्शनवाले येणार. माझं ते ऐकत नाहीत, बँकेचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. तेव्हा तूच सांग. माझं चुकलं म्हण, नाहीतर चौकशी केली तर वेगळं निघालं म्हण, शब्द तुझे घे, तुला येतात. फक्त शेवटी म्हण, सोमवारी बँकेत चला आणि सही करा. बुधवारी महिना संपतो. तू सांगितलं नाहीस तर मी उठणार. ट्रंकेतून माझं लाल निशाण काढून धुतलंय, काठी नवीन बसवलीय. ते बघून लोक मला कुठल्या पक्षाचा म्हणायचे ते म्हणोत. स्टेजच्या समोर मधोमध उभा राहीन आणि खोकला आला तरी खाली बसणार नाही. मला वाटलं होतं अव्वा आईच्या मायेनं बापलेकात वाद नको म्हणेल. उलट तीच म्हणाली, साकु, पुरे झालं आता, मी पण येणार, गुडघा दुखला तर तुमच्या काठीला धरून उभी राहीन. तुला हे आधी कळवतोय, कारण वळणावर निशाण दाखवायचं ते गाडी थांबावी म्हणून, पाडायला नव्हे. जागा भरपूर आहे. थांबता येतं.

सोमवारी सकाळी बादशहाच्या भावाचा टेम्पो सांगून ठेवलाय. चिमणाकाकूसाठी पुढची सीट ठेवलीय, आणि तिचा हात धरून तिला चढवायला कुणीतरी लागेल.

तुझाच, सही करून जिवंत असलेला,
आप्पा