एक्केचाळीस नंबरची पट्टी

३ मार्च

चौथं! आभारांच्या यादीत माझं नाव चौथं. झोपेच्या खोलीसाठी गाद्या देणाऱ्या दुकानदाराच्या खाली.

नोकरीच्या नऊ वर्षांतली सहा दिली मी या अभ्यासाला. झोपेत श्वास अडकतो तेव्हा हृदयाच्या ठोक्यांचं काय होतं — हा प्रश्न माझा, तक्ते माझे, मधली बारा पानं शब्द न् शब्द माझी. छापून आलं तेव्हा लेखक म्हणून एकटे साहेब. विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, नाव काय कुठे पळून जातंय? पुढच्या वेळी बघू." आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं. त्याचाच जास्त राग येतोय.

४ मार्च

नवरा म्हणतो, सोडून दे. तो तेव्हा माझ्या साडीला इस्त्री करत होता, म्हणून वाचला.

७ मार्च

साहेबांनी वापरलेल्या जुन्या पट्ट्या पुन्हा वाचायला घेतल्या आहेत. कुणी विचारलं तर सांगते, सरावासाठी. खरं कारण — मला त्यांची एक चूक हवी आहे. एकच, पण घसघशीत.

एका माणसाच्या एका रात्रीची नोंद म्हणजे एक पट्टी. तिचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करायचे, ते हजाराच्या घरात जातात. एकेक तुकडा डोळ्यांनी बघायचा आणि खूण करायची: झोप कोणती, श्वास कसा, ठोके कसे. पट्टीवर नाव नसतं, फक्त नंबर. माणूस कोण ते कळलं की वाचणाऱ्याचा हात कचरतो, म्हणून.

आजवर दहा झाल्या. सगळ्या चोख. काम पक्कं आहे साहेबांचं. वैताग आहे नुसता.

११ मार्च

सापडली.

एक्केचाळीस नंबर. 'निरोगी' गटातला माणूस. नाकाजवळच्या तारेची रेघ दर दीड मिनिटाने सपाट होते आणि प्रत्येक ठिकाणी खूण केलेली आहे — 'तार सुटली'. तीनशे बारा वेळा तार सुटली! तार आहे की झिजलेली चप्पल? त्याच वेळी छातीवरच्या पट्ट्याची रेघ वरखाली होतेय, म्हणजे माणूस श्वासासाठी झटतोय, आणि पाठोपाठ रक्तातला प्राणवायू घसरतोय. कुठल्या गाढवाला हे दिसलं नाही? तार जागच्या जागी होती. श्वासच अडकत होता. पहाटेच्या तुकड्यांत तर ठोक्यांची रेघही थांबते. एकदा चार सेकंद, एकदा साडेपाच.

एका पट्टीने अभ्यास कोसळत नाही. अब्रू कोसळायला मात्र एक पुरते. दर भाषणात साहेब छाती फुगवून सांगतात, "पहिल्या पन्नास पट्ट्या मी स्वतः वाचल्या आहेत." त्यातल्या डझनभर मी वाचल्या, नवीन होते तेव्हा. तेही श्रेय गिळलं. आता बसा म्हणावं निस्तरत.

१२ मार्च

रात्रभर झोप नाही. आनंदाने.

१४ मार्च

बैठक. मी आकडे सांगत होते आणि साहेब खुर्चीत पेंगत होते, तोंड उघडं टाकून. एकदा चांगले घोरले, दचकून जागे झाले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पुढे." सगळे खाली बघून हसले. मी नाही हसले. माझी सहा वर्षं आणि यांची डुलकी!

शिपाई सांगत होता, परवा साहेबांनी गाडी सरळ फाटकावर नेऊन घातली. दिवसाढवळ्या. डोळा लागला म्हणे. मला फाटकाची दया आली.

१६ मार्च

ठरलं. अठ्ठावीसला साहेबांचं मोठं व्याख्यान आहे. भरलेलं सभागृह, सन्मानपत्र, पहिल्या रांगेत त्यांची बायको. प्रश्न विचारायची वेळ आली की मी हात वर करणार. आवाज चढवायचा नाही. "साहेब, एक्केचाळीस नंबरबद्दल जरा सांगाल का?" एवढंच. मग पट्टी पडद्यावर.

आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. बाहेरून नवरा, "कुणाला दम देतेयस? मला असेल तर चहा झाल्यावर दे."

पुरावा हातात हवा. संगणकात वाचणाऱ्याचं नाव राहत नाही. सहीचे मूळ कागद तळघरातल्या कपाटात आहेत, आज अर्ज दिला. साहेबांची ती ऐटदार सही मी पडद्यावर एवढी मोठी करून दाखवणार आहे की मागच्या रांगेतल्यालाही चष्मा लागू नये.

१९ मार्च

तारा चिकटवणाऱ्या बाई इथे पहिल्या दिवसापासून आहेत. चहा पिताना सहज विचारलं, बाई, तेव्हा निरोगी माणसं आणली कुठून हो?

"आणताय कुठून! अंगभर तारा लावून झोपायला कोण येतंय? आपलीच धरली. लिफ्टवाला, माझा दीर, त्याचा मेव्हणा. चाळीस झाली आणि माणसंच संपली. मग साहेब म्हणाले, चला, मीच झोपतो. काय घोरले हो! आणि सकाळी मलाच विचारतात, बाई, तुमची झोप झाली ना?"

कितवे होते ते?

"चाळीस झाल्यावर म्हटलं ना. एक्केचाळिसावे."

माझा चहा तसाच राहिला.

२० मार्च

तर तो माणूस म्हणजे साहेब. आयुष्यभर दुसऱ्यांची झोप तपासली आणि स्वतःची लपवली. भित्रे! स्वतःच्याच पट्टीवर स्वतःच्याच हाताने 'तार सुटली' लिहीत बसले असतील, तीनशे बारा वेळा. आता तर सभागृहात आणखी मजा येईल.

डुलक्या, फाटक, सगळं त्याच आजाराचं. नऊ वर्षांपूर्वी ठोके साडेपाच सेकंद थांबत होते, आज किती थांबत असतील? सांगायला हवं, हे मला कळतं. याच विषयावर बारा पानं लिहिली आहेत मी. पण आज सांगितलं तर ते उपचाराला जातील, व्याख्यान रद्द होईल आणि लोक हळहळतील. माझे हात रिकामे.

अठ्ठावीसनंतर सांगेन. नऊ वर्षं निघाली, आठ दिवसांत काय बिघडतंय?

हे वाक्य तीनदा वाचलं. खोडत नाही.

२१ मार्च

साहेब जिन्यात कठड्याला धरून दम खात उभे होते. मी नमस्कार केला आणि पुढे गेले.

२३ मार्च, दुपार

कागद आले. बाईच घेऊन आल्या, धूळ झटकत. म्हणाल्या, "साहेबांचा शोधताय होय? तो त्यांनी नव्हता वाचला. स्वतःची पट्टी स्वतः वाचायची नाही, हा त्यांचाच नियम. नंबर घातला आणि दिली नवीन माणसाकडे."

एक्केचाळीस. 'तार सुटली — ३१२ वेळा. बाकी निरोगी. पुढच्या तपासणीची गरज नाही.' खाली सही. गोलगोल, नीट, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलीची.

माझी. नोकरीचा नववा दिवस.

म्हणजे त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मी निरोगी म्हटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला.

त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले आहे. काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणून वही उघडली. आत जेवणानंतरची डुलकी चालू आहे, घोरणं इथवर येतंय.

थांबलं.

दहा. पंधरा. वीस. पंचवीस — वही ठेवते, आत जाते.